पुढून कोण बघतंय?

आमच्या पेटीत सात मिशा होत्या, तीन दाढ्या, भुवयांच्या दोन जोड्या, एक अंबाडा आणि मी. जोडी एक धरली तर चौदा नग, भुवया सुट्या मोजल्या तर सोळा. शिवाय डिंकाची एक बाटली आणि तीन कंगवे. त्यांतल्या एकाचे चार दात पडलेले. पेटी पत्र्याची, तिला कड्या दोन, एक तुटकी. हे सगळे एकाच नटाचे सामान होते. त्यातला आज मी एकटा उरलो आहे, म्हणून मोजदाद आधीच सांगून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारा वाटेल ते बोलतो.

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, केसांचा. आणि मी रागावलेला आहे. वस्तूंनी रागावू नये असा संकेत आहे, हे मला माहीत आहे. वस्तूंनी झिजावे, कोपऱ्यात पडावे आणि शेवटी केविलवाण्या आवाजात आपली काळजी घ्यायला सांगावे. तसे माझ्याने होणार नाही. माझ्या कपाळावर कात्री चालली आहे, आणि ती का चालली हे मी मोठ्या आवाजात सांगणार आहे.

मला टोपवाल्या मावशीने बनवले. तेव्हा ती कोणाचीच मावशी होण्याच्या वयाची नव्हती, पण स्टुडिओत सगळे तिला मावशीच म्हणत. तिच्या खोलीत एक लाकडी डोके, एक बारीक आकडी आणि एक दिवा असे. त्या खोलीत एक तरुण नट माप द्यायला आला. तिशी जेमतेम ओलांडलेली, आणि डोके तळहातासारखे स्वच्छ.

"मान सरळ ठेवा," मावशी म्हणाली.

"सरळच आहे. डोकंच तिरकं आहे माझं."

"ते दिसतंय. एवढ्या लवकर केस कुठे गेले?"

"कंटाळून गेले. माझे विनोद त्यांना ऐकवेनात."

"अहो टकलोबा, हसू नका. टेप हलते."

टेप छप्पन्न सेंटिमीटरवर थांबली. त्या मापाची जाळी शिवली गेली आणि मावशीने एकेक केस आकडीने ओढून गाठ मारायला सुरुवात केली. मागच्या बाजूला एका छिद्रात तीन केस चालतात. पुढे, कपाळाच्या कडेला, एका छिद्रात एकच. कारण टोप आहे की केस आहेत, हे माणूस कपाळावरच ओळखतो. मागे हजार चुका खपतात, पुढे एकही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे लागणार आहे.

त्या नटाला नंतर सगळे काका म्हणू लागले, म्हणून मीही काकाच म्हणतो. काकांची काम करण्याची एक तऱ्हा होती. नवी भूमिका आली की ते मला डोक्यावर चढवत नसत. मला समोरच्या खुंटीवर टांगून उघड्या डोक्याने आरशापुढे बसत आणि डोके खाजवत. लोकांना वाटे, काकांना काही सुचत नाही. खरे तर ते माणूस शोधत असत. ते मावशीला म्हणत, "माणूस बोलताना खोटं बोलतो, चालताना ऐट करतो. पण डोकं खाजवताना तो एकटाच असतो. ते खाजवणं सापडलं की माणूस सापडला."

आणि सापडत असे! बँकेतला कारकून पेन्सिलीच्या उलट्या टोकाने खाजवायचा, मग टोक फुंकायचा. न्यायाधीश एकाच बोटाने, कोणी बघत नाही ना याची खात्री करून. दारुडा बाप खाजवायला हात न्यायचा आणि तिथेच हातावर डोके टेकून झोपायचा. भामटा कधीच खाजवत नसे. त्याचे हात दुसऱ्यांच्या खिशांत गुंतलेले असत. एका विनोदी मालिकेत काका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाले, तेव्हा माझ्या पाठीला तो अंबाडा जोडला. त्या बाई चष्म्याची दांडी अंबाड्यात खुपसून खाजवत. पुढच्याच महिन्यात बाजारात चार बायका तसेच करताना दिसल्या, असे मावशी शपथेवर सांगे.

मी प्रत्येक वेळी तोच होतो. तेवढेच केस, तीच जाळी. भांग डावीकडे पाडला की डॉक्टर, उजवीकडे पाडला की त्याचा वाया गेलेला भाऊ. त्या जुळ्या भावांच्या मालिकेचा पहिला भाग लागला, तेव्हा काकांच्या आईचा फोन आला. काका रंगभूषेच्या खुर्चीत होते, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला.

"चांगलं केलंस हो काम," आई म्हणाली. "पण तुझा भाऊ झालेला तो दुसरा नट कोण रे? तुझ्यापेक्षा बरा वाटला मला."

काका इतके हसले की डिंक सुटला आणि मला पुन्हा चिकटवावे लागले. त्यांना मिळालेली ही सर्वांत मोठी दाद होती, असे ते पुढे सगळ्यांना सांगत.

मग ती मालिका आली. तिच्यात काका एका मोठ्या घरातले आजोबा होते, निवृत्त मास्तर. सुरुवातीला मास्तरांना रागावायला मिळे, चुकायला मिळे, एकदा तर त्यांनी नातीबरोबर भिंतीवरून उडीही मारली. लोकांनी मास्तरांना डोक्यावर घेतले. रस्त्यात अनोळखी माणसे काकांना थांबवून आपल्या घरातली भांडणे सोडवायला सांगत.

आणि इथेच घात झाला. मास्तर लोकांना आवडतात म्हटल्यावर मास्तरांना हलवायचे नाही, असे ठरले. त्यांना एका खुर्चीत बसवले, हातात चहाचा कप दिला आणि तोंडात एक वाक्य घातले: "शांत व्हा रे पोरांनो." अकरा वर्षे! ज्या माणसाने कारकून, भामटा, न्यायाधीश आणि मुख्याध्यापिका उभी केली, त्याच्या वाट्याला एक खुर्ची आणि चार शब्द. वर प्रत्येक मुलाखतीत निर्माता गळा काढून सांगे, "काकांसारखा अष्टपैलू नट पुन्हा होणार नाही." अरे, आठ पैलू आहेत हे माहीत आहे, तर सात पोत्यात घालून का ठेवलेस? पण टोपाला कोण विचारतो.

काका मालिका सोडून गेले नाहीत, त्याला एक कारण होते. लेखकाने त्यांना एक प्रसंग कबूल केला होता. म्हातारपणी मास्तरांची आठवण जाते. लाडकी नात चहा घेऊन येते, आणि मास्तर तिला ओळखत नाहीत. एवढाच प्रसंग. निर्मात्यानेही मान डोलावली होती.

त्या सुमारास काकांची आई खरोखरच सगळे विसरत चालली होती. काका दर रविवारी तिच्याजवळ जाऊन बसत. एका सोमवारी त्यांनी आल्या आल्या मला खुंटीवर टांगले आणि मावशीला म्हणाले, "बघ." मग त्यांनी डोके खाजवायला हात उचलला. हात खांद्याच्या वर गेला आणि थांबला. बोटे उघडीच राहिली. कशासाठी उचलला होता, हे हातालाच आठवेना. काकांनी त्या हाताकडे पाहिले, जणू तो कोणी भलताच माणूस दारात येऊन उभा आहे.

मावशीने आकडी खाली ठेवली. म्हणाली, "आईचं?"

"तिचंच. काल मला विचारलं, तुम्ही कोण? आणि डोकं खाजवून आठवायला गेली. तेवढंच जमलं नाही तिला." काकांनी हात खाली घेतला. "हे मला एकदा नीट करून ठेवायचंय, मावशी. एकदाच."

आई त्याच वर्षी गेली. प्रसंग मात्र पुढे पुढे ढकलला जात होता. कधी नातीचे लग्न मध्ये येई, कधी कोणाचे अपहरण. काका रोज चहाचा कप धरून बसत, आणि दिवे मांडले जात असताना कोणाचे लक्ष नाही असे पाहून हात उचलत. तो माझ्यापर्यंत पोहोचत नसे. एक वीत अलीकडे थांबे.

मग एका सकाळी काका खुर्चीकडे जाताना दिव्याच्या वायरीत पाय अडकून पडले. ती वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवायची असते. चिकटपट्टी तिथेच, तिच्याच शेजारी, न उघडलेली पडली होती. काकांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यांना न्यायला गाडी आली, आणि स्ट्रेचर दाराबाहेर जायच्या आत निर्माता विचारत होता, "आजचा भाग कसा निघणार?"

निघाला. मास्तरांची खुर्ची उलटी फिरवली, कॅमेरा तिच्यामागे लावला आणि गर्दीच्या प्रसंगांत मागे उभा राहणारा एक नट आणून बसवला. पाठ दाखवायची, मान हलवायची. आवाज नकला करणाऱ्या एकाकडून नंतर भरून घ्यायचा. सेटवर त्या माणसाचे नावच पाठवाला पडले. तो बिचारा चांगला होता, पण त्याचे डोके मोठे होते. अगदी भोपळ्यासारखे. मी त्यावर बसेना.

"आता रे?" पाठवाला घाबरून म्हणाला. "मावशींना बोलवा की."

"मावशी हल्ली शनिवारीच येते. शॉट आत्ता आहे," सामान सांभाळणारा म्हणाला आणि त्याने कात्री उचलली.

"अहो, फाटेल तो!"

"मागून नाही कापत, वेड्या. पुढून कापतोय. पाठमोरा शॉट आहे ना? पुढून कोण बघतंय?"

आणि त्याने माझ्या कपाळाच्या मधोमध कात्री घातली. जिथे एका छिद्रात एकच केस होता, बरोबर तिथे. फटीत काळ्या इलॅस्टिकची पट्टी शिवली आणि मला ताणून त्या डोक्यावर बसवले. केसाने गळा कापतात हे मी ऐकून होतो. गळा सोडून केसच कापणारे मी पहिल्यांदा पाहिले. जे लपवायला सोपे, ते त्यांनी जपले. जे करायला सर्वांत अवघड, ते फाडले. का, तर आज कॅमेरा तिकडे नाही म्हणून! शनिवारी मावशी आली, तर तिला दारातूनच सांगितले, "टोप शूटिंगला लागलाय, पुढच्या वेळी या." पुढच्याही शनिवारी तेच.

मित्रांनो, इथवर मी गप्प राहिलो असतो. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तो प्रसंग काढला. काका नसताना! "पाठमोरा फार भारी दिसेल," निर्माता म्हणाला. नात चहा घेऊन आली, रडली. पाठवाल्याला काहीच करायचे नव्हते, नुसते बसायचे होते. पण माझी कापलेली जाळी त्याला टोचत होती, वरून दिव्यांचा ताप. त्याला राहवले नाही. त्याने हात मागे नेऊन मानेच्या वर, मनसोक्त, कराकरा खाजवले.

"वा!" निर्माता ओरडला. "काय सुचलंय! राहू दे, हेच ठेवा!"

तो भाग लागला तेव्हा काका इस्पितळात होते. तिथे काय झाले ते त्यांनी नंतर मावशीला सांगितले, तेव्हा मला कळले. वॉर्डात टीव्ही होता. भाग संपल्यावर गादी बदलणारा माणूस डोळे पुसत काकांकडे आला आणि म्हणाला, "काका, काय काम केलंत हो! नुसत्या पाठीने रडवलंत. पण इथे पडल्या पडल्या केलंत कधी?"

काका म्हणाले, "मलाही तेच विचारायचंय."

पुढे काय झाले असेल? त्या प्रसंगाला वाहिनीचे वर्षातल्या सर्वोत्तम अभिनयाचे बक्षीस जाहीर झाले. काकांच्या नावाने. वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिले की, मास्तरांनी ज्या असहायतेने डोके खाजवले, ते फक्त एक थोर कलावंतच करू जाणे. मी पेटीत पडल्या पडल्या ते ऐकले आणि माझा उरलासुरला केस न् केस उभा राहिला.

समारंभाच्या दिवशी काका काठी टेकत आले. मागच्या खोलीत मावशी होती, निर्माता होता आणि पेटीत मी.

"काका, एकदम सोपं आहे," निर्माता म्हणाला. "वर जायचं, टोप घालून पाठमोरं बसायचं आणि तेवढं खाजवायचं. संगीत तयार ठेवलंय. लोक वेडे होतील."

"ते काम माझं नाही."

"असं कसं? टोप तुमचा, नाव तुमचं, आवाज अगदी तुमच्यासारखा. मग राहिलं काय?"

"मी राहिलो रे!" काकांनी काठी जमिनीवर आपटली. इतक्या वर्षांत त्यांना खरे रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. खोटे खूप पाहिले होते. "मी राहिलो! आईचं होतं ते माझ्याकडे. एकदा करायला मागत होतो. अकरा वर्षं कप धरून बसलो त्याच्यासाठी, आणि तू तिथे कुणाची तरी खाज लावलीस!"

निर्माता एक पाऊल मागे सरकला. तेवढ्यात मावशीने मला पेटीतून काढले आणि उजेडात धरले. तिचा चेहरा पाहून मीच घाबरलो.

"ही कात्री कुणी लावली?"

"अहो मावशी, ते जरासं... एक पिन लावा ना, दिसणार नाही."

"पिन तुझ्या जिभेला लावते. थांब."

काकांनी मला तिच्या हातातून घेऊन डोक्यावर ठेवले. मी घसरून त्यांच्या भुवयांवर आलो. कपाळाच्या मधोमध काळी पट्टी. त्यांनी आरशात पाहिले, मला काढले आणि मावशीच्या हाती दिले.

"राहू दे. असाच जातो."

"उघड्या डोक्याने?" निर्माता किंचाळला. "काका, लोक ओळखणार नाहीत तुम्हाला!"

"आयुष्यभर त्याच्याचसाठी तर मरमर केली," काका म्हणाले आणि चालू लागले.

मावशी मला मुठीत धरून पडद्याआड उभी राहिली. लोकांनी खरोखरच ओळखले नाही. टाळ्या अर्ध्यावर थबकल्या. काकांनी मंचावरची खुर्ची लोकांकडे फिरवली, बसले आणि म्हणाले, "आता पुढून बघा."

त्यांनी हात उचलला. खांद्याच्या वर गेला. थांबला. बोटे उघडी राहिली. मी तिथे नव्हतो, तरी हात एक वीत अलीकडेच थांबला होता. त्यांनी त्या हाताकडे पाहिले, मग लोकांकडे, आणि अगदी सभ्यपणे विचारले, "तुम्ही कोण?"

 मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी लाजही. इतकी वर्षे मला वाटत होते की काकांचे अर्धे काम मी करतो. त्यांना माझी गरज कधीच नव्हती.

मग ते उठले. सभागृह भरलेले दिसावे म्हणून शेवटच्या रांगेत काही माणसे भाड्याने आणून बसवली होती. त्यांत पाठवाला होता. काकांनी काठीने त्याच्याकडे दाखवले. "बक्षीस त्याला द्या. त्या दिवशी खुर्चीत तो होता. अभिनय नव्हता, खाज होती. पण खरी होती."

लोक हसले, मग उठून उभे राहिले, मग कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिले. तुम्ही हे पाहिले नसेल. टीव्हीवर काका मंचाच्या पायऱ्या चढताना दिसले आणि लगेच साबणाची जाहिरात आली. पुढच्या आठवड्यात मालिकेत कोणीतरी म्हणाले, "मास्तर परगावी गेलेत." बस्स. खुर्चीवर एक कुंडी ठेवली.

निघताना काका निर्मात्याला एवढेच म्हणाले, "टोप मी नेतोय." तो म्हणाला, कंपनीची वस्तू आहे. काका म्हणाले, "मग त्या बाकीच्या मिशा-दाढ्या ठेव. त्या लावून तूच बस एकदा खुर्चीत. पुढून." कोणी अडवले नाही.

आता काकांना नवे काम आले आहे. लहान मुलांच्या मालिकेत घड्याळे दुरुस्त करणारा एक बहिरा माणूस. काका सध्या मावशीच्या खोलीत येऊन बसतात आणि कानामागे खाजवून बघतात. तो माणूस अजून पुरता सापडलेला नाही. मावशी म्हणते, "अहो टकलोबा, कानात काही ऐकू येत नाही, तर कानामागे कशाला शोधताय?" ते म्हणतात, "तू गाठी मार."

मित्रांनो, शेवटी मी विनंती करायची असते. करतो, पण हात जोडून नाही. वापरा. झिजवा. मी झिजण्यासाठीच झालो आहे, आणि माणसेही काम करता करता म्हातारी होतात, त्यात दुःख नाही. पण अडचण एका दिवसाची असेल, तर तेवढ्यासाठी कोणाच्या कपाळाला कात्री लावू नका. कोणाच्या जागी कोणाला बसवण्याआधी, जो तिथे बसत होता त्याला तिथे काय करायचे होते, हे एकदा विचारा. दुरुस्ती होते. मावशीसारखे हात असले तर पुष्कळ होते. पण ती करणाऱ्याचे डोळे जातात, आणि कापणाऱ्याचे एक मिनिट जाते.

काल तिने इलॅस्टिकची पट्टी उसवून काढली. फटीत नवी जाळी बसवली, तिच्यावर पुन्हा एका छिद्रात एक, असे केस लावले. चष्मा दोनदा पुसला. शेवटची गाठ मारून तिने मला लाकडी डोक्यावर ठेवले, वाफ दिली, रात्रभर वाळू दिले. आज सकाळी काका आले आणि खुर्चीत मान सरळ धरून बसले.

मावशीने आधी त्यांच्या डोक्याभोवती टेप धरली. छप्पन्न.

मग तिने मला उलटे करून आतल्या कडेने टेप फिरवली.

साडेसत्तावन्न.